घर सोडून

लोकांच्या सह्या करून पोट भरते, अशी माझी ओळख आमचे हे चारचौघांत करून देतात. श्याम नोकरीभर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, त्यामुळे स्फोट कधी आणि कोणासमोर करायचा याचा त्यांना चांगला अंदाज आहे. पाहुणे चपापतात, चहाचा कप खाली ठेवतात, आणि मग खुलासा करायची पाळी माझ्यावर येते.

खुलासा असा. मी दिवाणी कोर्टात सहायक अधीक्षक आहे. एखाद्यानं साठेखत केलं, म्हणजे आपली जमीन पुढे विकायचा लेखी करार केला, आणि मग खरेदीखतावर सही करायची वेळ आली की अंग काढून घेतलं, तर घेणारा कोर्टात येतो. निकाल लागला तरी हा सही करत नसेल, तर कोर्ट म्हणतं, ठीक आहे, तुझ्यासाठी आम्ही करतो. त्यासाठी कोर्टातलं एक माणूस नेमतात आणि अलीकडे ते माणूस बहुधा मीच असते. ‘अमुक यांचेकरिता, न्यायालयाच्या हुकमावरून’ असं लिहायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. अमुक कुठेतरी तोंड फिरवून बसलेले असतात आणि त्यांचं घर इकडे माझ्या हातून जात असतं. त्याआधी एक गोष्ट मात्र करावीच लागते. खरेदीखताचा मसुदा त्या माणसाला पाठवून विचारावं लागतं, बाबा रे, हे वाच, हरकत असेल तर सांग. सही तुझ्यावाचून होईल, पण तुला विचारल्यावाचून होणार नाही. कायद्यातली ही जागा मला फार आवडते. एरवी कायद्यात जीव लावावा असं फारसं काही नसतं.

या कामापायी मला स्वप्नं पडू लागली. ज्या दिवशी दुसऱ्याची सही करते, त्याच्या आसपासच्या कुठल्यातरी सुट्टीच्या दुपारी, जेवून जरा आडवी झाले की ते घर दिसतं. मी ते कधी पाहिलेलं नसतं. दार लावलेलं नसतं, मी सरळ आत जाते. मिठाची बरणी कुठे आहे ते मला माहीत असतं, कुठल्या खिडकीची कडी घट्ट बसते तेही. कधी कोथरूडची गच्ची, कधी भवानी पेठेतला माळा. कुणी मला हटकत नाही. ऊन जमिनीवर पडलेलं असतं आणि मी त्यातून परक्या घरात अनवाणी हिंडत असते. जाग आल्यावर पाय गार लागतात. “झोपेतसुद्धा ताबा घेऊन येते,” श्याम म्हणतात.

म्हणून मी एक नेम धरला. सही करण्याआधी ती मिळकत एकदा जागेपणी पाहून यायची. असा नियम कुठे नाही. ऑफिसात सगळे हसतात. पण एकदा डोळ्यांनी पाहिलं की स्वप्न येत नाही, किंवा आलंच तर जरा रीतीनं वागतं.

डिसेंबरात मांजरीचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं. एका बांधकाम कंपनीनं वैजनाथ खळदकर नावाच्या शेतकऱ्याशी साठेखत केलं होतं. पुढे वैजनाथनं टाळाटाळ केली म्हणून कंपनी कोर्टात गेली. तिथे तो भांडला नाही. उभं राहून म्हणाला, साठेखतात लिहिलंय तसं देतो. कोर्टानं साठेखतातलीच वाक्यं उचलून हुकूमनामा केला. आणि सही करण्याआधी वैजनाथ वारला. मूलबाळ नव्हतं. मागे एकटी बायको, गोदावरी वैजनाथ खळदकर. आता सही तिची हवी होती.

कंपनीचा तेजस नावाचा मुलगा मसुदा घेऊन आला. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, कानाला मोबाइल, पण वागायला गोड. “मॅडम, इट्स अ क्लीन केस. त्या बाई ट्रेसच होत नाहीयेत. बेलीफनी रिपोर्ट पण दिलाय.”

रिपोर्ट आमच्या दीनानाथ बेलिफाचा होता. ‘सदर नावाची बाई मिळून आली नाही. गावात चौकशी करता अशी कोणी बाई राहत नाही असे समजले. सबब नोटीस व मसुदा मिळकतीवर चिकटवला.’ त्यावर मुदतीत हरकत आली नाही, म्हणून मसुदा मंजूर. म्हणून सही मी करायची. सगळं रीतसर होतं. मी मसुदा वाचला, हुकूमनाम्याशी ताडून पाहिला, मला काही वावगं दिसलं नाही. पण मिळकत पाहायची राहिली होती.

सकाळच्या बसनं निघाले. हडपसरपर्यंत जागा मिळाली नाही, तिथे मिळाली आणि खिडकीला डोकं टेकताच डोळे मिटायला लागले. बाहेर धुकं होतं. धुक्यात काचेच्या इमारती नुसत्या वरच्या वर दिसत होत्या, खालचा भाग अजून बांधायचा राहून गेल्यासारखा. रात्रपाळी करून परतणारी पोरं सुमो गाड्यांत एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती. त्यांच्याकडे तेव्हा अमेरिकेतली संध्याकाळ असणार. मग ऊस लागला. उसाला तुरे आले होते, पांढरे, सगळे एका दिशेला कललेले, आणि नव्या इमारतीच्या काचेत तोच ऊस पुन्हा उभा होता. खरा कुठला ते मला त्या गुंगीत कळेना. बहुधा मी झोपले. कारण मी एका अंगणात उभी होते आणि कुणीतरी आतून माझं नाव विचारत होतं. मला दोन्ही नावं आठवत होती आणि त्यातलं कुठलं सांगायचं तेवढं कळत नव्हतं.

दोन नावांचं सांगायला हवं. कागदोपत्री मी सुशीला. माहेरची उल्का. उल्का हे नाव घरावर येऊन पडेल अशी सासूबाईंना भीती वाटली, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं श्यामनी सुशीला लिहिलं. मी बघत होते. तांदूळ बाजूला होऊन खालचं ताट चमकत होतं. आईबाबा गेल्यावर उल्का म्हणणारं कुणी उरलं नाही. ती नक्की कुठे पडली याची चौकशी कुणी केलेली नाही.

“मांजरी! अहो बाई, झोपा घरी काढा, उतरा,” कंडक्टर म्हणाला.

पारावरच्या लोकांना मी गोदावरीबाई कुठे राहतात ते विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. वैजनाथ खळदकरांचं घर म्हटल्यावर मात्र सगळे एकदम बोलले. “वेणूआक्काचं घर व्हय? त्ये काय, हिरीच्या पल्याड.”

एका बाजूला तोडलेल्या उसाचं रान, दुसऱ्या बाजूला कंपनीचं पत्र्याचं कुंपण आणि मध्ये ते घर. दोन खोल्या, कौलं, पुढे सारवलेलं अंगण. मी अंगणात पाऊल टाकलं आणि थबकले, कारण बसमध्ये मी इथेच उभी होते. असं मी म्हणणार नाही की तेच अंगण होतं. अंगणं सारखीच असतात. पण पाय गार पडले.

दारात एक बारीक, ताठ म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, “गोदावरीबाई आपणच का?”

तिचा हात थांबला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “ह्ये नाव तुमास्नी कुनी सांगितलं?”

“कागदावर आहे.”

“मानसाच्या तोंडून लई दिसांनी ऐकलं.” तिनं पदरानं डोळे पुसले, आणि ते लपवलंही नाही. “बसा.”

तिचं माहेर त्याच गावात, ओढ्याच्या पलीकडे. सासर अलीकडे. लग्न होऊन ती ओढा ओलांडून आली एवढंच. गावाला ती जन्मापासून वेणू, ती वेणूच राहिली. नवरा चौथी शिकलेला, त्यानं मास्तरांच्या घरच्या लग्नात तांदळात नाव लिहिताना पाहिलं होतं. आपणही लिहायचं म्हणून हटून बसला, आणि त्यानं गोदावरी लिहिलं. घरातल्या माणसांनी ते नाव ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. त्यानं एकट्यानं धरलं. ते दोघंच असताना तो तिला गोदा म्हणायचा, आणि संध्याकाळी ताटात तांदूळ घेऊन तिचं बोट धरून ‘गोदावरी’ एवढा एक शब्द त्यानं तिला लिहायला शिकवला. बाकी काही शिकायची तिला गरज वाटली नाही.

“मग कोर्टाचा माणूस आला होता तेव्हा?”

“कुनी न्हाई आलं. आलं आसंल तर गावात गोदावरी इचारली आसंल. कोन सांगनार? त्ये नाव आमा दोगांतलं.”

नोटीस चिकटवलेली जागा मी शोधली. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या दारावर खळीचा एक चौकोन होता, आणि त्याच्या कोपऱ्यात कागदाची चिंधी. शेजारी शेळी बांधलेली. दीनानाथ घरून गव्हाच्या पिठाची खळ करून आणतो, त्याचा त्याला अभिमान आहे. शेळीनं खळीसकट सगळा मसुदा वाचून संपवला होता.

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. या बाईला विचारलं, तिनं ऐकलं, तिची हरकत नव्हती, असं आमचं रेकॉर्ड म्हणत होतं. पुढच्या आठवड्यात मी तिच्या वतीनं सही करणार होते, कारण, त्याच रेकॉर्डप्रमाणे, तिनं सहीला नकार दिला होता.

“तुम्हाला सही करायची नाही का?” मी विचारलं.

“म्या कवा न्हाई म्हनले?” ती चिडली. “त्येंनी शबूद दिल्ता. रान त्यांचं झालं. मालकांनी सांगूनशान ठिवलंय, सायेब येतील, अंगठा न्हाई लावायचा, सही करायची. वाट बघत ऱ्हायले म्या. घर सोडून समदं घ्या म्हनावं.”

ती पुन्हा शेंगांकडे वळली. मी तिथेच उभी. तिनं ‘घर’ म्हणून जरासा दम घेतला होता. घर, सोडून समदं घ्या. आणि माझ्या पर्समध्ये हुकूमनाम्याची नक्कल होती, तिच्यातलं वाक्य मला पाठ होतं. ‘राहते घर सोडून सदर मिळकतीचा संपूर्ण ताबा लिहून घेणार यांस द्यावा.’ लिहून घेणार म्हणजे कंपनी. मी ते एका दमात वाचलं होतं. कंपनीच्या वकिलांनीही तसंच वाचून मसुद्यात जास्त स्वच्छ करून लिहिलं होतं, ‘राहते घर खाली करून’. घर सोडून जायचं आणि मग ताबा द्यायचा. आणि ही बाई म्हणत होती, घर तेवढं सोडा, बाकीचं घ्या. शब्द तेच. एका वाचनात हिच्याकडे घर राहत होतं, दुसऱ्यात ही रस्त्यावर येत होती. वैजनाथ सही का टाळत होता तेही मला आत्ता उमगलं. त्याला कुणीतरी असाच मसुदा दाखवला असणार. आणि कोर्टात त्यानं साठेखतात लिहिलंय तसं देतो म्हटलं, तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, सगळं सांगून झालं.

निघताना तिनं विचारलं, “तुमचं नाव?”

“सुशीला.”

“आन म्हायेरचं?”

मी बस आली म्हणून सांगितलं. बस आलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी जज्जसाहेबांकडे टिपण दिलं. बाई हयात आहे, त्याच घरात राहते, नोटीस तिच्यापर्यंत पोचली नाही, सही करायला तिनं कधीही नकार दिलेला नाही, आणि मसुद्याच्या एका शब्दाबद्दल तिला ऐकून घेणं जरूर आहे. ऑफिसात कुजबुज झाली. सही करायला नेमलेल्या माणसानं सही करावी, हिंडायला कुणी सांगितलं होतं? दीनानाथ तर मला दोन दिवस बघितल्यासारखं करेना. श्याम म्हणाले, “तीस वर्षांत पहिल्यांदा सरकारी शाईची बचत केलीस.” त्यांच्या तोंडी हे कौतुक असतं. जज्जसाहेबांनी टिपण दोनदा वाचलं आणि तारीख लावली.

तारखेला म्हातारी एकटी आली. नऊवारी धुवट, पायात नव्या चपला, त्या कोर्टाच्या दारात काढून ठेवायला निघाली होती. मी तिला घालायला लावल्या. साहेबांनी फुकट वकील देऊ का विचारलं, तर म्हणाली, “मला बोलता येतं.”

कंपनीतर्फे शरच्चंद्र वकील उभे होते. मुरलेला माणूस, आवाज मऊ. “साहेब, मराठी अगदी सरळ आहे. घर सोडून, म्हणजे घर सोडून देऊन. वगळायचंच असतं तर ‘वगळून’ हा शब्द मराठीत आहे. करार करणाऱ्यांनी तो वापरलेला नाही.”

मला त्या मुद्द्याचा राग आला, कारण तो चांगला होता.

साहेबांनी मसुदा हातात घेऊन शब्द न् शब्द म्हातारीला वाचून दाखवला. त्या कोर्टी मराठीत ‘खाली करून’ कधी येऊन गेलं ते तिला कळलंही नसावं. मग विचारलं, “आजी, यावर तुमची काही हरकत आहे का?”

“हरकत न्हाई,” म्हातारी म्हणाली.

आपण दिवसभर म्हणतो तसं म्हणाली ती, पाणी देऊ का विचारल्यावर म्हणतो तसं. शरच्चंद्र वकील अर्धवट उठले. “नोंद व्हावी, साहेब.”

“थांबा,” साहेब म्हणाले. “आजी, कशाला हरकत नाही?”

“रान घ्यायाला. घर सोडून.”

कोर्टात हसू पसरलं. वकिलांनी हात पसरले, बघा म्हणून. साहेबांनी चष्मा काढून पुसला. माघाच्या दुपारचं ऊन उंच खिडकीतून खाली आलं होतं, वर पंखा उगाच फिरत होता, आणि मला वाटायला लागलं की आपण सगळेच कुणाच्या तरी झोपेत बसलो आहोत. या खोलीत सगळे मराठी बोलत होते आणि एका बाईचं घर मराठीतच हरवत चाललं होतं. मी उठून काही बोलू शकत नव्हते. माझं टिपण देऊन झालं होतं. मी नुसते हात घट्ट धरले.

साहेबांनी चष्मा लावला आणि नोंदीसाठी नेहमीचा प्रश्न विचारला. वारस दुसरा कुणी नाही ना, एवढंच त्यांना हवं होतं. “बरं आजी, वैजनाथ यांना सोडून तुम्हाला आणखी कोण आहे?”

म्हातारी ताड्कन ताठ झाली.

“सोडून?” ती म्हणाली. “म्या कवा सोडलं त्येंना?” तिचा आवाज चढला. “अर्धं अंग गेलं व्हतं त्येंचं. म्या घास भरिवला, म्या कूस बदलली. पल्याड म्हायेर हाय माजं, ओढ्याच्या पल्याड, येक रात न्हाई गेले. आन तुमी मोठं मानूस, भरल्या सभंत म्हनता सोडून? त्या घरात त्येंचा जीव गेलाय. म्या त्येंना बी सोडलं न्हाई आन घर बी सोडनार न्हाई!”

कुणी हसलं नाही. पट्टेवाला “आजी, हळू” म्हणायला पुढे झाला, साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. ते क्षणभर आपण काय बोललो ते आठवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटताना मी पाहिलं.

“आजी, चुकलं माझं,” ते म्हणाले. “तसं म्हणायचं नव्हतं मला. त्यांच्याखेरीज, असं म्हणायचं होतं.”

“मंग तसं म्हना की.”

“हो. तसंच म्हणायला हवं होतं.” मग ते वळले. “वकीलसाहेब, ‘वगळून’ हा शब्द मराठीत आहे खरा. मीही आत्ता वापरला नाही.”

शरच्चंद्र वकील खाली बसले. साहेबांनी तेवढ्यावर निकाल दिला नाही, ते तसे नाहीत. साठेखतातल्या क्षेत्रात घराखालची जागा धरली आहे का, एवढं त्यांनी कंपनीला विचारलं आणि पुढची तारीख दिली. त्या तारखेला कंपनीनं मोजणीचा नकाशा दिला, आणि घराखालची जागा धरलेली नव्हती. हे वकिलांना आधीपासून माहीत होतं की नाही, ते मी विचारलं नाही. हुकूम झाला: मसुदा दुरुस्त करावा, राहते घर, पुढचं अंगण आणि रस्त्यापर्यंतची वाट वगळून. विहीर गेली. ती रानात होती, रान विकलेलं होतं. ते ऐकून म्हातारीनं एकदा मान खाली घातली, आणि मग वर केली.

“आणि,” साहेब शेवटी म्हणाले, “या बाई स्वतः सही करायला तयार आहेत. मग त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणी करायचं कारण उरत नाही.” माझी नेमणूक रद्द झाली. एवढा आनंद मला बढतीनंही झाला नव्हता.

नोंदणी कार्यालयात मी रजा टाकून गेले. तिथे आता कॉम्प्युटर आले होते, टेबलावर छोटा कॅमेरा. तेजसनं म्हातारीसाठी खुर्ची ओढली. “आजी, इकडे बघा, फोटो.” तिनं कॅमेऱ्याकडे असं बघितलं की त्यानंच नजर खाली करावी. मग त्यानं कागद पुढे ठेवला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. ‘राहते घर वगळून’ आलं तिथे तिनं हात वर केला.

“वगळून म्हंजी?” तिनं मला विचारलं.

“म्हणजे सोडून,” मी म्हणाले आणि जीभ चावली.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “मंग येवढा कुटाना कशापायी केला?”

तेजस खो खो हसला, मीही हसले, शेवटी तीही हसली. मी तिला सांगितलं, घर तुमचं, तुमच्याकडेच राहिलं. तुम्ही दार लावून घेतलंत तर कुणी उघडायला सांगू शकत नाही.

“त्ये म्हना,” ती म्हणाली, आणि पेन मागितलं.

पण लगेच लिहिलं नाही. पेन तिनं डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताचं बोट टेबलाच्या काचेवर ठेवलं. काचेवर काही नव्हतं. तिनं बोटानं हळूहळू बाजूला काहीतरी सारलं, ग काढला, त्याला काना दिला, वर मात्रा. मग द, मग त्याचा काना. मागे रांग खोळंबली होती, कारकून घड्याळ बघत होता, आणि ती तांदळात लिहीत होती. माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत. बोटानं एकदा पुरं लिहून झाल्यावर तिनं पेन उजव्या हातात घेतलं आणि कागदावर ‘गोदावरी’ लिहिलं. तेजस कागद उचलायला गेला तर म्हणाली, “हलवू नका, इस्कटंल.”

तो थांबला. सगळेच थांबलो.

त्या रविवारी दुपारी जेवून आडवी झाले. या खेपेला मी सही केली नव्हती, म्हणून काही दिसणार नाही असं वाटलं होतं. पण उसाचे तुरे आले, मग अंगण आलं. दार लावलेलं होतं, आतून कडी. आजवर कधी असं झालं नव्हतं. मी परतावं की काय असा विचार करत उभी राहिले, आणि मग दार वाजवलं.

“कोन हाय?” आतून आवाज आला.

“मी उल्का,” मी म्हणाले, आणि ती उघडते का याची वाट बघत उंबऱ्याच्या बाहेर थांबले.